रुग्णांच्या उशाशी बसलेला संत : जोसेफ वाझ

माघातील घोडायात्रेला चिमूरच्या श्रीहरी बालाजीच्या दारी भाविकांची दाटी होते. पायांत बळ असलेला माणूस देवापर्यंत पोहोचतो. अंथरुणाला खिळलेला मात्र घरीच राहतो. त्याच्यापर्यंत देव कोणी न्यावा? आपल्याकडे तीर्थ, अंगारा, आणि अंतकाळी गंगाजल व तुळशीपत्र हे कार्य करतात. ख्रिस्ती कॅथलिक पंथात त्यासाठी रुग्णाभ्यंगाचा संस्कार आहे. या संस्कारासाठी देह झिजविणाऱ्या एका गोमंतकीय सत्पुरुषाचे चरित्र आम्ही आज उत्तररंगास घेतले आहे.

जोसेफ वाझ यांचा जन्म 21 एप्रिल 1651 रोजी गोव्यात बाणावली येथे, मातुलगृही झाला. घराणे सांकवाळचे, पूर्वज सारस्वत ब्राह्मण. याच सांकवाळच्या श्रीलक्ष्मीनृसिंहाला पोर्तुगीज अंमलात गाव सोडून वेलिंगला जावे लागले, हे भाविक जाणतातच. ती व्यथा आम्ही विसरलेलो नाही. परंतु राजसत्तेचा दोष साधूच्या माथी मारू नये, हा विवेकही शास्त्रानेच शिकविला आहे. शिवाय वाझ यांच्या वाट्याला पुढे छळणाऱ्याचे नव्हे, छळ सोसणाऱ्याचे जिणे आले.

1676 मध्ये ते धर्मगुरू झाले आणि गोरगरिबांप्रमाणे अनवाणी फिरू लागले. कानडा मुलखात त्यांनी काही वर्षे सेवा केली. सिंहलद्वीपात 1658 च्या सुमारास डच सत्ता स्थिरावली. डच प्रॉटेस्टंट, त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना बेटावर बंदी घातली. आता या संस्काराचा नियम असा, की बिशपने मंत्रून दिलेले तेल केवळ दीक्षित धर्मगुरूनेच रुग्णाला लावावे. धर्मगुरूच नाही, तर संस्कार कोण करणार? सुमारे तीस वर्षे तेथील कॅथलिक माणसे शेवटच्या घटकेला कोणाच्या प्रार्थनेवाचून डोळे मिटत होती. ही वार्ता वाझ यांच्या जिव्हारी लागली.

1687 मध्ये भिकाऱ्याच्या वेषात ते जाफन्यास उतरले. उतरताच अतिसाराने त्यांना ग्रासले. बरे होताच गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागू लागले. माळ पाहून ज्याचे डोळे पाणावत, तो आपला, ही त्यांची ओळखखूण. मग रात्री गुप्तपणे उपासना होई आणि आजाऱ्यांना अभ्यंग मिळे. 1692 मध्ये ते कँडीस गेले, तेथे पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना बंदिवास घडला. त्यांचा पवित्र आचार पाहून बौद्ध राजा दुसरा विमलधर्मसूर्य याचे मन पुढे निवळले.

खरी कसोटी 1697 मध्ये लागली. कँडीत देवीची साथ आली. राजा नगर सोडून गेला, लोक पळाले, रुग्णांना रानात टाकून देण्यात आले. वाझ आणि त्यांचे भाचे फादर कार्व्हालो मागे राहिले. त्यांनी झोपड्या उभारल्या, फोडांनी भरलेली शरीरे धुतली, अन्न भरविले, मृतांना मूठमाती दिली. सेवा सर्वांची केली. धर्म कोणाला विचारला नाही. आपल्या लोकांना अभ्यंग द्यायचे ते त्याच हातांनी. पुढे राजाने त्यांना उपासनेची मोकळीक दिली.

16 जानेवारी 1711 रोजी कँडीतच त्यांचे देहावसान झाले. गोव्याला ते पुन्हा परतले नाहीत. 14 जानेवारी 2015 रोजी कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले.

पूर्वी हा संस्कार मुख्यतः मरणोन्मुखांचा मानला जाई. 1972 मध्ये पोप सहावे पॉल यांनी नियम सुधारला. गंभीर आजारात तो आधीच घ्यावा, ऑलिव्हचे तेल न मिळाल्यास दुसरे वनस्पतीजन्य तेल चालावे, असे ठरले. कपाळावर व हातांवर तेल लावून प्रार्थना करतात. त्यातील मर्म आम्हांस मोलाचे वाटते: श्वास कंठाशी येईपर्यंत थांबू नये.

आपल्याही घरी ओसरीच्या कोपऱ्यात कोणी वृद्ध पडून असतील. यात्रेचा प्रसाद प्रथम त्यांच्या हातावर ठेवावा, कपाळी अंगारा लावावा, घटकाभर उशाशी बसावे. बालाजीच्या दरबारात ती सेवा रुजू झाल्यावाचून राहणार नाही. या सत्पुरुषास आमचे वंदन. इति शम्.