हेमाडपंत : देवगिरीचे श्रीकरणाधिप



जीर्णोद्धारासाठी देवळाचा जुना ओटा उकलला तेव्हा खालून चार-पाच घडीव काळे दगड निघाले. जो तो म्हणाला, हे हेमाडपंती काम. शाळेतील मुलांनी विचारले, हेमाडपंत म्हणजे गवंडी होता काय? उत्तर लिहिण्याचे काम स्मरणिका समितीने माझ्यावर सोपविले. मी तालुका कचेरीतील कारकून, पंडित नव्हे. परंतु हेमाडपंत हेही दप्तराचेच माणूस, म्हणून हे धाडस.

त्यांचे मूळ नाव हेमाद्रि. वत्सगोत्री ब्राह्मण कामदेव यांचे ते पुत्र. देवगिरीच्या महादेवराय यादवांच्या कारकिर्दीत (१२६१ ते १२७१) ते श्रीकरणाधिप झाले, म्हणजे साऱ्या राज्याचे दप्तर, हिशेब व हुकूमपत्रे त्यांच्या हाताखाली. शिवाय हत्तीदळाची देखरेखही त्यांच्याकडेच होती.

काळ लढायांचा होता. महादेवरायांनी कोकणच्या शिलाहारांवर स्वारी केली. राजा सोमेश्वर जमिनीवर हरला, जहाजांच्या आश्रयास गेला आणि १२६५ च्या सुमारास समुद्रातच बुडून मेला. बोरिवलीजवळ एकसर येथे वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे, ती याच युद्धाची असे काही अभ्यासक मानतात. हेमाद्रींनी आपल्या ग्रंथाच्या आरंभी यादव राजांची वंशावळ व पराक्रम नोंदवून ठेवले. यादवांच्या इतिहासासाठी ती नोंद मोलाची आहे.

१२७१ साली महादेवरायांचा पुत्र अम्मण गादीवर बसला. चुलतभाऊ रामचंद्र, म्हणजे आपले रामदेवराय, नाटकी मंडळींच्या वेषात किल्ल्यात शिरले, त्यांनी अम्मणास पकडले आणि त्याचे डोळे काढविले. राजा बदलला, श्रीकरणाधिप मात्र तेच राहिले. कचेरीत साहेब येतात व जातात, दप्तर जागेवरच असते, हा अनुभव आम्हा कारकुनांस नवा नाही. परंतु त्या रात्रीनंतर नव्या राजापुढे कागद घेऊन उभे राहताना हेमाद्रींच्या मनात काय आले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

त्यांचा मोठा ग्रंथ चतुर्वर्गचिंतामणि. कोणते व्रत केव्हा करावे, दान कसे व कोणास द्यावे, श्राद्धाचा विधी कोणता, हे सारे त्यात संस्कृतात तपशीलवार आहे. वाग्भटाच्या वैद्यकग्रंथावरही त्यांनी टीका लिहिली. मोडी लिपी व बाजरी त्यांनी आणली असे परंपरा सांगते.

मात्र त्याच काळात लोकांचा धर्म वेगळ्या वाटेने निघाला होता. चक्रधर स्वामी मराठीत उपदेश करीत, स्त्रिया व शूद्र यांना जवळ बसवीत. त्यांचा जो छळ झाला त्यात हेमाद्रींचा हात होता असे महानुभाव परंपरा सांगते. चरित्र लिहावयाचे तर हे झाकून ठेवणे बरे नव्हे. हेमाद्रि अधिकारावर असतानाच, १२७० साली, आपल्या नर्सीत नामदेव महाराज जन्मले, असे आपण परंपरेने मानतो. पुढे १२९० साली, रामदेवरायांच्याच राज्यात, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली.

आता त्या दगडांविषयी. चुन्यावाचून, दगडात खाचा पाडून एकात एक बसविण्याची रीत हेमाद्रींच्या आधीपासूनच होती. अशी सगळी देवळे त्यांनी बांधली नाहीत, काही तर त्यांच्या जन्मापूर्वीची आहेत. तरी लोकांनी त्यांचेच नाव दिले. औंढ्यास नागनाथाच्या दर्शनाला गेलात म्हणजे नीट पाहावे. खालचे कोरीव काळे काम यादवकाळचे, वरचे चुन्याचे बांधकाम पुष्कळ नंतरचे. म्हणजे जीर्णोद्धार तिथेही झालाच.

१२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. रामदेवरायांना अपार द्रव्य देऊन तह करावा लागला. १३१८ मध्ये त्यांचे जावई हरपाळदेव मारले गेले आणि यादवांचे राज्य संपले.

पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात त्या राज्याची एक शिळा उरली आहे, चौऱ्यांशीचा शिलालेख. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ.स. १२७३ ते १२७७ या काळात देवळास कोणी काय दिले याची ती नोंद. आपल्या स्मरणिकेच्या शेवटी यादी आहे तशीच यादी, फक्त दगडावर. तीत रामदेवरायांचे नाव आहे, हेमाडि पंडितांचे आहे, आणि साध्या भक्तांचीही आहेत. चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकावा म्हणून वारकरी पिढ्यानपिढ्या त्या शिळेला पाठ घाशीत आले.