कोलंबियाचे विद्यार्थी डॉ. आंबेडकर

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे नाव ठाऊक नाही असे खेडे आमच्या सोलापूर जिल्ह्यात सापडणार नाही. चवदार तळे, राज्यघटना व नागपूरचे धर्मांतर यांविषयी वाचकांनी पुष्कळदा ऐकले आहे, म्हणून ते येथे फिरून सांगत नाही. ते कोलंबियात विद्यार्थी होते त्या तीन वर्षांकडे, व त्या वर्षांतून सोलापुरास काय मिळाले इकडे, आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. लहानपणी शाळेत ते घरून आणलेल्या तरटावर वेगळे बसत. तहान लागली तर शिपायाने नळ सोडावा तेव्हा पाणी प्यावे, आणि शिपाई नसला तर तहानेलेच राहावे, असा तेथील परिपाठ होता. १९१२ साली ते मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. पुढील वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांस तीन वर्षांकरिता दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, व परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी असा करार करून घेतला. त्याच वर्षी जुलै महिन्यात ते न्यूयॉर्क शहरी पोहोचले व कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

तेथे त्यांस कोणी तरटावर बसविले नाही. लिव्हिंग्स्टन हॉल नावाच्या वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याचा त्यांस शेजार लाभला, व तो स्नेह जन्मभर टिकला. सेलिग्मन यांच्याजवळ ते अर्थशास्त्र शिकले, ड्यूई यांची तत्त्वज्ञानावरील व्याख्याने त्यांनी ऐकली, आणि १९१६ च्या मे महिन्यात गोल्डनवायझर यांच्या वर्गापुढे त्यांनी हिंदुस्थानातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. एम. ए. ची पदवी त्यांस १९१५ सालीच मिळाली होती. पोटास चिमटा घेऊन ते जुनी पुस्तके विकत घेत.

परंतु अमेरिका म्हणजे समतेचे नंदनवन होते असे कोणी समजू नये. कोलंबियाच्या शेजारीच हार्लेम हा भाग आहे. तेथे त्याच वर्षांत कृष्णवर्णीय कुटुंबे येऊन वसत होती. दक्षिणेकडील संस्थानांत गोऱ्यांच्या कॉलेजांची दारे या लोकांस कायद्याने बंद होती. त्यांच्याकरिता निराळी विद्यालये निघाली, आणि त्यांपैकी फिस्क हे १८६६ साली ज्यांनी काढले ते आमच्या सोलापुरास मिशनरी धाडणाऱ्या काँग्रिगेशनल मंडळ्यांपैकीच लोक होते. खुद्द कोलंबियात १९२४ साली एक कृष्णवर्णीय विद्यार्थी वसतिगृहात राहू लागला, तेव्हा त्यास धाक घालण्याकरिता विद्यापीठाच्या आवारात क्रूस जाळण्यात आला. ज्या चिन्हापाशी आपण प्रार्थनेस जमतो त्याचा असा उपयोग झाला, हे लिहिताना आम्हांस लाज वाटते. वेगळ्या शाळा घटनेविरुद्ध आहेत असा निर्णय त्या देशाच्या श्रेष्ठ न्यायालयाने दिला तो १९५४ साली. विद्यापीठाने प्रवेश देताना वंशाचा विचार करावा की नाही हा वाद त्यानंतरही चालू राहिला, व २०२३ साली त्याच न्यायालयाने तसा विचार करण्यास मनाई केली.

मग भीमरावांस तेथे मान कसा मिळाला? आमच्या मते कारण असे की, त्यांची जात तेथे कोणास वाचता येत नव्हती. कृष्णवर्णीय मनुष्याची जात तेथे त्याच्या कातडीवर लिहिलेली असे. महाराची जात येथे त्याच्या नावावर व गावावर लिहिलेली असे. भीमरावांस हे साम्य चांगले कळले होते. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विद्वान पुढारी डु बॉइस यांस पत्र लिहिले व त्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडलेल्या अर्जाची प्रत मागविली.

१९१७ साली करार पाळण्याकरिता ते बडोद्यास गेले. कोलंबियात शिकून आलेल्या या अधिकाऱ्यास शहरात कोणी बिऱ्हाड देईना. पारशांच्या विश्रामगृहात खोटे नाव सांगून ते उतरले होते, तेथून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांस बाहेर काढले. तेव्हा ते एका हिंदू मित्राकडे गेले, व नंतर एका ख्रिस्ती मित्राकडे. या ख्रिस्ती गृहस्थाने, पत्नी उद्या परत यावयाची आहे, तिला विचारून सांगतो, असे उत्तर दिले. ते घराणे मूळचे ब्राह्मण होते. उत्तराचा अर्थ भीमरावांस समजला व ते रात्रीच्या गाडीने मुंबईस निघून गेले. वाचकहो, हा प्रसंग आम्ही गाळू शकलो असतो.

शिकू पाहणाऱ्या गरीब मुलास बुद्धीइतकीच राहण्याच्या जागेची व दोन वेळच्या जेवणाची गरज असते, हे ज्याने भोगले त्यास पुस्तकातून शिकावे लागत नाही. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली, आणि सभेने जानेवारी १९२५ मध्ये माध्यमिक शाळेतील मुलांकरिता वसतिगृह उघडले, ते मुंबईत नव्हे तर आमच्या सोलापुरात. पुढे १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ कॉलेज निघाले. जून १९५२ मध्ये कोलंबियाने त्यांस बोलावून सन्मानाची पदवी दिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते दिल्लीस निवर्तले.

एक गोष्ट आम्ही शेवटास ठेविली आहे. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरातील ख्रिस्ती लोकांपुढे त्यांचे भाषण झाले. बुद्ध व ख्रिस्त या दोघांनी आपले मन वेधून घेतले आहे, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. पण लगेच त्यांनी आमच्या वाडवडिलांस दोष दिला. महाराचा मुलगा बाप्तिस्मा घेताच त्याची शिष्यवृत्ती बंद होते, आणि शिकलेला ख्रिस्ती समाज त्याविरुद्ध ब्रही काढीत नाही. मुलगी नर्स झाली, मुलगा मास्तर झाला, की ज्याने त्याने आपला संसार पाहावा, अशी त्यांची तक्रार होती. सभेस बारा वर्षे झाल्यावर, १९५० साली, राष्ट्रपतींचा आदेश निघाला व अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरल्या. १९५६ साली त्यांत शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती अद्याप बाहेरच आहेत. कॉलेजच्या प्रवेशपत्रावर धर्माचा रकाना भरताना आमच्या खेड्यातील बापाची लेखणी थबकते, ती याच कारणाने.