इन्सुलिनपुढचे कोडे सोडविणारे चार्ल्स बेस्ट

अमेरिकेतील मेन राज्यात २७ फेब्रुवारी १८९९ रोजी जन्मलेले चार्ल्स बेस्ट १९२१ मध्ये टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग यांच्यासमवेत इन्सुलिनच्या शोधात सहभागी झाले. त्यापूर्वी रक्तात कीटोन साचून मधुमेही बेशुद्धावस्थेत दगावत. १९२३ च्या नोबेल पुरस्कारातून बेस्ट वगळले गेले; बँटिंग यांनी आपल्या रकमेचा निम्मा वाटा त्यांना दिला.

पुढे नवेच कोडे उभे राहिले. स्वादुपिंड काढलेले कुत्रे इन्सुलिनवर जगत. पण यकृतात चरबी साचून अखेर मरत. आहारातील कोलिन ही चरबी रोखते, हे १९३२ मध्ये बेस्ट यांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिले.  ३१ मार्च १९७८ रोजी टोरांटोत त्यांचे निधन झाले.