तौलनिक शिक्षणाचा जनक : मार्क-आंत्वान ज्युलियाँ

इतिहासाच्या वर्गात आम्ही फ्रेंच राज्यक्रांती शिकवितो, तेव्हा रोबेस्पिएर, दांतोन, नेपोलियन ही नावे येतात. ज्युलियाँ हे नाव तेथे येत नाही. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत ते तौलनिक शिक्षणाचा जनक म्हणून एखाद्या ओळीत येते, पण तेथे त्याच्या क्रांतिकाळाचा उल्लेख नसतो. दोन्ही बाजू एकत्र वाचल्याशिवाय हा माणूस कळत नाही, असे आमचे मत झाले आहे. निरनिराळ्या देशांतील शाळा, शिक्षक आणि विद्यार्थी यांची माहिती एकाच पद्धतीने गोळा करून ती शेजारी शेजारी मांडावी व त्यातून शिक्षणाचे शास्त्र उभे करावे, ही कल्पना ज्याने सर्वप्रथम सविस्तर मांडली, त्याचे हे चरित्र आहे.

मार्क-आंत्वान ज्युलियाँचा जन्म 1775 साली पॅरिसमध्ये झाला. वडील पुढे क्रांतिकाळातील राष्ट्रीय प्रतिनिधिसभेचे सभासद झाले. आई रोझाली सुशिक्षित होती. तिने त्या काळात लिहिलेली पत्रे आजही इतिहासाचे साधन म्हणून वाचली जातात. घरात रूसोच्या विचारांचा वावर होता. 1792 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ज्युलियाँ इंग्लंडला गेला तो विचारवंत काँदोर्से याची शिफारसपत्रे घेऊन. त्याच वर्षी काँदोर्सेने सार्वजनिक शिक्षणाची आपली प्रसिद्ध योजना फ्रेंच विधानसभेपुढे ठेवली होती.

पुढील दोन वर्षे मात्र शिक्षणाची नव्हती. अठराव्या वर्षी सार्वजनिक सुरक्षा समितीने त्याला आपला प्रतिनिधी म्हणून पश्चिम फ्रान्समध्ये पाठविले. नाँत शहरात कारिए नावाचा अधिकारी कैद्यांना नावांत भरून ल्वार नदीत बुडवीत होता. ज्युलियाँने त्याच्याविरुद्ध थेट रोबेस्पिएरला कळविले आणि 1794 च्या फेब्रुवारीत कारिएला परत बोलावण्यात आले. चरित्रकार हा प्रसंग आवडीने सांगतात. त्यानंतरचा प्रसंग सांगताना ते आवाज खाली आणतात. त्याच वर्षी बोर्दो येथे याच तरुणाने लपलेल्या जिराँदवादी नेत्यांचा शोध घडवून आणला. बार्बारू पकडला गेला व त्याचा शिरच्छेद झाला. पेतियाँ आणि ब्यूझो यांची प्रेते शेतात सापडली. हे करणारा एकोणीस वर्षांचा होता. वयाचे निमित्त पुढे करून आम्ही हे झाकू इच्छित नाही. समतेच्या नावाने माणसे मारली जाणे हा त्या क्रांतीवरील डाग आहे आणि ज्युलियाँच्या हातालाही तो लागला होता.

रोबेस्पिएर पडताच ज्युलियाँ तुरुंगात गेला आणि 1795 च्या ऑक्टोबरमध्ये सुटला. नंतर तो नेपोलियनच्या इटलीतील सैन्यासाठी वृत्तपत्र चालवू लागला, ईजिप्तच्या मोहिमेत गेला आणि पुढे सैन्याची हजेरी व खर्च तपासण्याच्या खात्यात नोकरीला राहिला. शाळेचे हजेरीपत्रक वर्षानुवर्षे भरलेल्या आमच्यासारख्या शिक्षकाला असे वाटून जाते की, रकान्यांत विचार करण्याची सवय त्याला तेथेच लागली असावी. 1808 मध्ये त्याची दोन पुस्तके निघाली : एक शिक्षणाच्या सर्वसाधारण पद्धतीवर, दुसरे वेळेच्या विनियोगावर. शरीर, नीती आणि बुद्धी या तिन्हींची रोज नोंद ठेवून माणसाने स्वतःचा हिशेब घ्यावा, असे दुसऱ्या पुस्तकाचे म्हणणे आहे.

1810 मध्ये तो स्वित्झर्लंडमधील इव्हेर्दाँ येथे गेला. तेथे जुन्या किल्ल्यात पेस्तालोझीची निवासी शाळा भरत असे. मुले तेथेच राहत, शिक्षक त्यांच्यासोबत जेवत व फिरावयास जात. पाठांतराऐवजी वस्तू पाहून, मोजून, हाताळून शिकणे चाले. ज्युलियाँ तेथे काही आठवडे राहिला, शिक्षकांना प्रश्न विचारीत व उत्तरे लिहून घेत. त्यातून 1812 मध्ये पेस्तालोझीच्या पद्धतीवरील त्याचा ग्रंथ मिलान येथे प्रसिद्ध झाला. आपली मुलेही त्याने त्याच शाळेत ठेवली. हॉफविल येथील फेलेनबर्गच्या संस्थांचेही त्याला कौतुक होते. तेथे मात्र सरदारांच्या मुलांची शाळा वेगळी आणि गरिबांच्या मुलांची वेगळी होती. ही गोष्ट त्याला खटकावी तेवढी खटकली नाही, हे आम्हांस नमूद केले पाहिजे.

1815 मध्ये वॉटर्लू झाले. पंचवीस वर्षांच्या उलथापालथीने युरोप थकला होता. याच सुमारास पॅरिसमध्ये परस्पर अध्यापनाची चर्चा जोरात होती. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवावे ही ती पद्धत. अँड्र्यू बेलने ती मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत वापरली, तेथून ती इंग्लंडला गेली व मग फ्रान्सला आली. पद्धती देशोदेशी अशा हिंडत होत्या, पण कोणती कोठे व का लागू पडली याची नोंद कोणी ठेवत नव्हते.

1817 मध्ये ज्युलियाँने एक लहानसे पुस्तक काढले. तौलनिक शिक्षणावरील मोठ्या ग्रंथाचा तो केवळ आराखडा होता. प्राण्यांच्या शरीररचनांची तुलना केल्याने शरीरशास्त्र पुढे गेले, तसेच शिक्षणपद्धतींची तुलना केल्याने शिक्षणशास्त्रही पुढे जाईल, असा त्याचा युक्तिवाद होता. त्यासाठी तीन गोष्टी त्याने सुचविल्या : माहिती गोळा करणारे आंतरराष्ट्रीय मंडळ, शिक्षक घडविणारी आदर्श संस्था आणि अनेक भाषांतून निघणारे पत्रक. माहितीसाठी प्रश्नांच्या सहा मालिका योजिल्या. प्राथमिक, माध्यमिक व उच्च शिक्षण, शिक्षकांचे प्रशिक्षण, मुलींचे शिक्षण, आणि शिक्षणाचा कायद्याशी व समाजसंस्थांशी असलेला संबंध, अशा त्या मालिका.

पहिल्या मालिकेत 120 प्रश्न आहेत. शाळा किती आणि लोकसंख्येशी त्यांचे प्रमाण काय? खर्च कोण करतो? शिक्षकाची नेमणूक कोण करतो, त्याला वेतन किती, म्हातारपणी त्याची सोय काय? एका शिक्षकाकडे मुले किती? आरोग्य, खेळ, नीती, बुद्धी, घरचे वळण, पुढच्या शाळेशी जोड, सगळ्यांविषयी विचारणा आहे. हे प्रश्न आज सामान्य वाटतात. पण ज्या काळी शाळेविषयी प्रवासी लोक केवळ आपली मते लिहीत, त्या काळी सर्वांना सारखेच प्रश्न विचारणे हीच नवी गोष्ट होती. उत्तरे तक्त्यांत मांडली म्हणजे कोण पुढे, कोण मागे हे दिसेल, आणि मागे असलेल्यांना सुधारणेची दिशा मिळेल, अशी त्याची श्रद्धा होती. राज्यकर्ते हे काम हौसेने अंगावर घेतील, असेही त्याला वाटे. येथे तो भाबडा ठरला.

तक्ता काय करू शकतो, हे आपल्या समाजाने नंतर वेगळ्या ठिकाणी पाहिले. 1927 मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी सरकारी वर्गवारीतील आकडे शेजारी शेजारी ठेवले. प्राथमिक शिक्षण घेणारे दर हजारी पुढारलेल्या हिंदूंत 119, मुसलमानांत 92, मध्यम वर्गात 38 आणि मागास वर्गात 18. ज्युलियाँचे पुस्तक तेव्हा विस्मृतीत होते. त्याचा येथे काही संबंध नाही. देशादेशांमधील तुलना एका देशातील समाजांना लावली की प्रश्न किती धारदार होतो, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे. सरासरी काढली असती तर तो 18 चा आकडा दिसलाच नसता.

ज्युलियाँने 1819 मध्ये एक ज्ञानकोशीय मासिक सुरू केले आणि दशकभर त्यात अनेक देशांच्या ज्ञानव्यवहाराचा परामर्श घेतला. शिक्षणाचे नियोजित मंडळ मात्र निघाले नाही, मोठा ग्रंथही झाला नाही. 1848 मध्ये, फ्रान्समध्ये पुन्हा प्रजासत्ताक आले त्या वर्षी, तो वारला.

1885 मध्ये फेरेन्त्स केमेनी या हंगेरियन शिक्षकाला पॅरिसमध्ये सेन नदीकाठच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात ते लहानसे पुस्तक मिळाले. हाच केमेनी पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या संस्थापकांपैकी एक झाला. कालांतराने ते पुस्तक जिनिव्हातील आंतरराष्ट्रीय शिक्षण कार्यालयाकडे आले. 1925 मध्ये स्थापन झालेले हे कार्यालय देशोदेशीच्या शिक्षणखात्यांना प्रश्नावल्या पाठवून माहिती जमवीत होते. म्हणजे ज्युलियाँने सुचविलेले काम त्याचे नाव ठाऊक नसतानाच तेथे सुरू झाले होते. कार्यालयाचा उपसंचालक पेद्रो रोसेल्यो याने 1943 मध्ये, युद्ध चालू असताना, ज्युलियाँवर पुस्तक लिहून त्याचे नाव पुन्हा प्रकाशात आणले. हाती आलेल्या त्या आराखड्यात सहांपैकी पहिल्या दोनच मालिकांचे प्रश्न छापलेले होते. मुलींच्या शिक्षणाच्या मालिकेचे केवळ शीर्षक होते. तिचे प्रश्न त्यात नव्हते.