मुलांच्या कैवारी मार्गारेट मॅक्मिलन

१८६० साली न्यूयॉर्कजवळ एका स्कॉटिश कुटुंबात मार्गारेटचा जन्म झाला. ती पाच वर्षांची असताना घरात लोहितज्वर शिरला. वडील गेले, धाकटी बहीण गेली, आणि मार्गारेट वाचली ती बहिरी होऊन. चौदाव्या वर्षी तिला पुन्हा ऐकू येऊ लागले. विधवा आई उरलेल्या दोन मुलींना घेऊन स्कॉटलंडला माहेरी परतली. थोरली रेचेल आणि मार्गारेट या दोघींनी पुढे लग्न केले नाही. परक्यांच्या मुलांच्या मात्र त्या आया झाल्या.

१८९३ मध्ये त्या ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या गावी आल्या. दुसऱ्याच वर्षी मार्गारेटबाई तेथील स्कूल बोर्डावर निवडून गेल्या. शाळांत जाऊन पाहतात तो मुलांच्या डोक्यात उवा, दात किडलेले, अंगाला पाणी ठाऊक नाही. कित्येक मुले अर्धा दिवस गिरणीत राबून पेंगतच वर्गात बसत. डॉ. जेम्स कर यांच्या साहाय्याने बाईंनी मुलांची वैद्यकीय तपासणी करविली, १८९७ मध्ये एका शाळेत स्नानगृहही बांधविले. पण १९०२ च्या कायद्याने स्कूल बोर्डे मोडली, आणि नव्या मंडळांवर स्त्रियांना निवडून जाता येईना! बाई लंडनला बहिणीकडे गेल्या.

त्या काळी घटसर्पावर औषध निघाले होते, लोहितज्वराचाही जोर ओसरत होता. गोवर आणि डांग्या खोकला मात्र जागचे हलत नव्हते. गोवराची खोड अशी, की पुरळ उठण्याआधीच तो पसरतो. आई मुलाला घरी ठेवीपर्यंत वर्गभर रोग पोचलेला असे. शाळा बंद ठेवूनही फारसे साधत नसे, कारण मुले तीच आणि गल्लीही तीच. शाळेत जाणारे मूल बहुधा बरे होई, पण घरी धाकट्या भावंडाला गोवर देई. मोकळ्या वस्तीतल्या मुलाला तो उशिरा गाठी. एका खोलीच्या बिऱ्हाडात तान्ह्यालाच धरी, आणि मागून न्यूमोनिया येई. चाळीत राहिलेल्या भगिनींना हे निराळे सांगायला नको. बळी पडत ती बहुतेक पाच वर्षांखालची, म्हणजे शाळेच्या डॉक्टरांच्या नजरेस न पडणारी.

१९०७ च्या कायद्याने शाळांतली तपासणी सक्तीची झाली. नुसत्या तपासणीने मूल बरे होत नाही हे ओळखून दोघी बहिणींनी १९०८ मध्ये बो येथे आणि १९१० मध्ये डेप्टफर्ड या गरीब वस्तीत दवाखाना काढला. परंतु बरी करून पाठविलेली मुले तीच दुखणी घेऊन परत येत, कारण घर तेच. तेव्हा १९११ पासून मुलींना बागेत, उघड्या हवेत निजविण्याची सोय त्यांनी केली. १९१४ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी तेथेच बालशाळा सुरू झाली. आंघोळ, सकस जेवण, दुपारची झोप, खेळायला अंगण. आपल्या घरी आपण दुसरे काय करतो?

१९१७ मध्ये, ऐन युद्धात, रेचेल गेल्या. मार्गारेटबाईंनी शाळा चालू ठेवली आणि तिला बहिणीचे नाव दिले. १९३० मध्ये शिक्षिकांसाठी कॉलेज उभारले, त्यालाही बहिणीचेच. पुढच्याच वर्षी, मार्च १९३१ मध्ये, त्या वारल्या.