एकाकी अभिप्राय : योहान्नेस रॉइख्लिन

जुन्या कराराचा अनुवादक हिब्रू शब्दकोश उघडतो, तेव्हा तो एका जर्मन विधिज्ञाचा ऋणी होत असतो. त्याचे नाव योहान्नेस रॉइख्लिन.

१४५५ साली फोर्झहाइम येथे जन्मलेल्या या गृहस्थांनी १४९२ मध्ये सम्राटाचे यहूदी वैद्य याकोब लोआन्स यांच्यापाशी शिष्यभावाने बसून हिब्रूचे अध्ययन केले. पुढे रोममध्ये ओबद्या स्फोर्नो या यहूदी विद्वानाकडेही ते शिकले. १५०६ साली त्यांनी हिब्रूचे व्याकरण व कोश प्रसिद्ध केला. तरीही ते पूर्वग्रहांपासून मुक्त नव्हते. यहूद्यांचे हाल हे त्यांच्या पूर्वजांच्या पापाचे फळ होय, असे १५०५ मध्ये त्यांनीच लिहिले होते.

त्यांच्या कसोटीची घडी लवकरच आली. यहूदी धर्मातून ख्रिस्ती झालेल्या योहान्नेस फेफरकॉर्न यांनी १५०९ मध्ये सम्राट माक्सिमिलियन यांच्याकडून यहूद्यांचे ग्रंथ जप्त करण्याची आज्ञा मिळविली. फ्रँकफुर्टच्या सभास्थानातून पोथ्या नेण्यात आल्या. त्यानंतर सम्राटांनी विद्यापीठांचे आणि काही विद्वानांचे मत मागविले. कोलोन व माइन्झ येथील पंडितांनी ग्रंथांविरुद्ध कौल दिला. ऑक्टोबर १५१० मध्ये रॉइख्लिन यांनी मात्र निराळा अभिप्राय पाठविला. यहूदी हे साम्राज्याचे नागरिक असून त्यांच्या मालमत्तेला कायद्याचे संरक्षण आहे. उघड निंदेचे एखादे पुस्तक असेल तर त्याची रीतसर चौकशी व्हावी. जे ग्रंथ आपण वाचलेच नाहीत, ते जाळू नयेत, असा त्याचा आशय होता. एवढ्यावर न थांबता, प्रत्येक जर्मन विद्यापीठात दहा वर्षे हिब्रूचे दोन अध्यापक नेमावेत, अशी सूचना त्यांनी केली. द्वेषावर त्यांनी सुचविलेला उपाय अध्ययनाचा होता.

याची किंमत त्यांना मोजावी लागली. त्यांच्या पुस्तकाला कोलोन, लूव्हेन, माइन्झ, एरफुर्ट आणि पॅरिस येथील ईश्वरविज्ञानाच्या पंडितांनी दोषी ठरविले. १५१४ मध्ये कोलोनला त्याची होळी झाली. त्याच वर्षी श्पायर येथे ते निर्दोष ठरले, परंतु १५२० मध्ये पोप दहावे लिओ यांनी तो निर्णय फिरविला. म्हातारपणी शिक्षा पदरी पडूनही त्यांनी इंगोलश्टाट व ट्यूबिंगेन येथे तरुणांना हिब्रू शिकविले, आणि १५२२ साली ते निवर्तले.

वाचकहो, आणखी एक कटू सत्य सांगितले पाहिजे. मार्टिन ल्यूथर हिब्रू शिकले ते रॉइख्लिन यांच्याच पुस्तकाच्या साहाय्याने. तरी १५४३ मध्ये त्यांनी यहूद्यांविरुद्ध अत्यंत विखारी ग्रंथ लिहिला. भाषा येते म्हणून अंतःकरण बदलतेच असे नाही. विद्येच्या मंदिरात द्वेष पांडित्याचा झगा पांघरून येतो, आणि त्या वेळी बहुसंख्य विद्वान मान डोलावतात. आपल्या प्रभूने यहूदी कुळात जन्म घेतला, हे जो विसरत नाही, त्याने अशा सभेत एकट्याने का होईना, उभे राहून आपले मत नोंदवावे.