ली फॉक

ली फॉक (जन्मनाव: लिऑन हॅरिसन ग्रॉस, जन्म: २८ एप्रिल १९११, सेंट लुइस, मिसुरी, मृत्यू: १३ मार्च १९९९, न्यू यॉर्क) हे अमेरिकन चित्रकथालेखक, नाट्यनिर्माते आणि दिग्दर्शक होते. 'मँड्रेक द मॅजिशियन' (१९३४) आणि 'द फँटम' (१९३६) या दोन चित्रकथा मालिकांचे ते जनक होत. यांपैकी 'द फँटम'चा नायक मराठी वाचकांना 'वेताळ' या नावाने परिचित आहे. इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी आवृत्तीतून या नायकाच्या कथा महाराष्ट्रात पोहोचल्या आणि १९६० ते १९९० या काळात वाढलेल्या पिढ्यांच्या बालवाचनाचा भाग बनल्या. नायकाचे नाव घरोघरी माहीत असले, तरी त्याच्या निर्मात्याचे नाव मात्र बहुतेक वाचकांना अपरिचित राहिले.

बालपण आणि शिक्षण

फॉक यांचा जन्म अमेरिकेच्या मिसुरी राज्यातील सेंट लुइस शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ते लहान असतानाच त्यांच्या वडिलांचे निधन झाले. आईने पुढे दुसरा विवाह केला. शाळेत असल्यापासून त्यांना लेखनाची आणि नाटकाची आवड होती. त्यांनी इलिनॉय विद्यापीठात शिक्षण घेतले. लेखनाच्या क्षेत्रात उतरल्यावर त्यांनी ली फॉक हे नाव धारण केले आणि पुढे आयुष्यभर तेच वापरले. त्यांचे बंधू लेस्ली यांनीही फॉक हेच आडनाव स्वीकारले.

मँड्रेक

जादूगार मँड्रेकची कल्पना फॉक यांना विद्यार्थिदशेतच सुचली होती. जादूगारांचे खेळ आणि जगप्रवाशांच्या साहसकथा यांचे त्यांना लहानपणापासून आकर्षण होते. उंच टोपी, झगा आणि बारीक मिशी असलेला हा नायक संमोहनाच्या बळावर गुन्हेगारांना नामोहरम करतो. सुरुवातीच्या दोन आठवड्यांच्या पट्ट्या फॉक यांनी स्वतः रेखाटल्या. पुढील चित्रांचे काम त्यांनी फिल डेव्हिस या चित्रकाराकडे सोपवले. 'किंग फीचर्स सिंडिकेट' या संस्थेने मालिका स्वीकारली आणि ११ जून १९३४ पासून ती वृत्तपत्रांत प्रसिद्ध होऊ लागली.

त्या वेळी फॉक अवघे २३ वर्षांचे होते. देशोदेशींच्या पार्श्वभूमीवरील कथा लिहिणारा लेखक अनुभवी असावा, अशी अपेक्षा असल्याने त्यांनी आपण जगभर हिंडलेले प्रवासी असल्याचे भासवले होते. प्रत्यक्षात तोवर त्यांचा प्रवास फारसा झालेला नव्हता. पुढे मात्र त्यांनी खरोखरच अनेक देशांचा प्रवास केला.

वेताळ

मँड्रेकच्या यशानंतर दोन वर्षांच्या आत, १७ फेब्रुवारी १९३६ रोजी, 'द फँटम' ही दैनिक चित्रकथा सुरू झाली. पहिल्या कथेचा आराखडा आखताना जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत, ऐषारामी तरुण हाच मुखवटा घालून गुन्हेगारांशी लढतो, असे दाखवण्याचा फॉक यांचा विचार होता. कथा प्रसिद्ध होत असतानाच त्यांनी तो विचार बदलला. नायकाला त्यांनी शहरातून जंगलात नेले आणि त्याला ४०० वर्षांचा पूर्वेतिहास दिला.

या पूर्वेतिहासानुसार १५३६ मध्ये समुद्री चाच्यांनी एका जहाजावर हल्ला केला. त्यातून वाचलेला एकमेव तरुण किनाऱ्यावर वाहत आला आणि बांदर जमातीच्या लोकांनी त्याचे प्राण वाचवले. आपल्या वडिलांच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने चाचेगिरी, क्रौर्य आणि अन्याय यांच्याविरुद्ध लढण्याची शपथ घेतली आणि ही शपथ आपल्या वंशजांवरही बंधनकारक केली. त्यानंतर प्रत्येक पिढीत मुलगा वडिलांचा मुखवटा आणि वेश धारण करतो. बाहेरच्या जगाला या बदलाची वार्ता नसल्याने एकच पुरुष शतकानुशतके जिवंत आहे, असा समज रूढ होतो. चित्रकथेचा मुख्य नायक किट वॉकर हा या परंपरेतील २१ वा वेताळ होय.

या नायकाकडे कोणतीही अलौकिक शक्ती नाही. शारीरिक बळ, दोन पिस्तुले, बुद्धी आणि लोकांच्या मनातील त्याची दंतकथा एवढेच त्याचे भांडवल आहे. त्याच्या अंगठीतील कवटीचा ठसा गुन्हेगाराच्या जबड्यावर कायमचा उमटतो, तर दुसऱ्या अंगठीतील शुभचिन्ह त्याच्या संरक्षणाखाली असलेल्यांना अभय देते. कवटीच्या आकाराची गुहा, तेथील पूर्वजांच्या समाध्या, प्रत्येक वेताळाने लिहून ठेवलेल्या रोजनिशींचे ग्रंथालय आणि आपला प्रमुख कोण हे ठाऊक नसलेले जंगल गस्ती दल ही या कथाविश्वाची ओळखीची अंगे आहेत. रोजनिशींच्या योजनेमुळे लेखकाला कोणत्याही शतकातील कथा सांगण्याची मुभा मिळाली. मालिका दीर्घकाळ टिकण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण ठरले.

अंगाला घट्ट बसणारा वेश आणि बुबुळे न दिसणारा मुखवटा ही वैशिष्ट्ये वेताळाने सुपरमॅनच्या (१९३८) आधी रूढ केली. बुबुळांविना डोळ्यांची कल्पना फॉक यांना ग्रीक पुतळ्यांवरून सुचली होती. आर्थर राजाच्या कथा, टारझन आणि रुडयार्ड किपलिंग यांचे 'द जंगल बुक' यांचाही त्यांच्यावर प्रभाव होता. 'बांदर' हे जमातीचे नाव मुंबईत जन्मलेल्या किपलिंग यांच्या वानरसमूहाच्या नावावरून आले आहे.

चित्रकार

दोन्ही मालिकांच्या कथा फॉक यांनी लिहिल्या. चित्रकार मात्र बदलत गेले. 'द फँटम'चे पहिले चित्रकार रे मूर होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे काम विल्सन मॅककॉय यांच्याकडे आले. १९६१ मध्ये मॅककॉय यांचे निधन झाल्यानंतर साय बॅरी यांनी सूत्रे स्वीकारली आणि १९९४ पर्यंत ती सांभाळली. भारतीय वाचकांच्या स्मरणातील वेताळाचा चेहरामोहरा मुख्यतः मॅककॉय आणि बॅरी यांनी घडवलेला आहे. मँड्रेकची चित्रे डेव्हिस यांच्या १९६४ मधील निधनानंतर फ्रेड फ्रेडरिक्स काढू लागले.

रंगभूमी

चित्रकथा हे फॉक यांच्या उपजीविकेचे साधन होते, तर रंगभूमी हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय होता. त्यांनी आयुष्यात पाच नाट्यगृहे चालवली, सुमारे ३०० नाटकांची निर्मिती केली आणि सुमारे १०० नाटके दिग्दर्शित केली. स्वतःही काही नाटके लिहिली. मार्लन ब्रँडो, चार्लटन हेस्टन, पॉल न्यूमन, एथेल वॉटर्स आणि पॉल रोब्सन यांच्यासारख्या कलावंतांनी त्यांच्यासोबत काम केले. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या 'आर्म्स अँड द मॅन' या नाटकातील १९५३ ची भूमिका ही ब्रँडो यांची रंगभूमीवरील अखेरची भूमिका ठरली. या प्रयोगांचे निर्माते फॉक होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फॉक यांनी अमेरिकी सरकारच्या युद्ध माहिती कार्यालयातही काम केले.

भारतात आणि मराठीत

भारतात फॉक यांची मालिका प्रथम 'द इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया'सारख्या इंग्रजी नियतकालिकांतून इंग्रजी जाणणाऱ्या वाचकांपर्यंत पोहोचली. मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया समूहाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. पहिल्या अंकात वेताळाची पट्ट्याविषयीची कथा होती. पहिल्या ३२ अंकांत वेताळच नायक होता; त्यानंतर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी आदी नायकही येऊ लागले. इंग्रजीखेरीज हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ, कन्नड, मल्याळम अशा भाषांत आवृत्त्या निघाल्या. आरंभी मासिक असलेले हे प्रकाशन पुढे पाक्षिक आणि नंतर साप्ताहिक झाले. १९९० मध्ये ते बंद पडेपर्यंत ८०० हून अधिक अंक निघाले होते.

मूळ दैनिक पट्ट्या पुस्तकाच्या पानांत बसवण्यासाठी भारतीय आवृत्तीत चौकटींची काटछाट आणि फेरमांडणी केली जात असे. मूळ कथांत वेताळाचा प्रदेश 'बंगाल'शी साधर्म्य असलेल्या नावाने ओळखला जाई आणि चाच्यांच्या टोळीचे नाव 'सिंग' होते. भारतीय वाचकांच्या दृष्टीने ही दोन्ही नावे अडचणीची असल्याने इंद्रजालने प्रदेशाचे नाव 'डेंकाली' आणि टोळीचे नाव 'सिंगा' असे बदलले.

नायकाचे मराठी नाव हा यातील सर्वांत परिणामकारक बदल म्हणता येईल. इंग्रजी नावाचा अर्थ भूत किंवा आभास असा होतो. मराठीत मात्र वेताळ हा केवळ भुतांचा अधिपती नाही. 'वेताळपंचविशी'मुळे तो विक्रम राजाला कोडी घालणारा म्हणून ठाऊक आहे, तर कोकणात आणि गोव्यात तो अनेक गावांचा रक्षक देव आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आरवली येथील वेतोबा रात्री गावाच्या सीमांवर फिरून रक्षण करतो आणि त्यामुळे त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. भक्त त्याला मोठ्या आकाराच्या चामडी वहाणा अर्पण करतात. मूळ मालिकेतही नायकाला चालते भूत असे बिरुद आहे. कधीही न मरणारा, अंधारात वावरणारा आणि दुर्जनांना धाक घालणारा रक्षक ही कल्पना त्यामुळे मराठी वाचकाला परकी वाटली नाही. अमेरिकी लेखकाच्या नायकाला या नावामुळे येथील लोकश्रद्धेचा आयता आधार मिळाला.

इंद्रजालचा परिणाम भारतीय चित्रकथांच्या निर्मितीवरही झाला. या प्रकाशनाशी संबंधित असलेले अनंत पै यांनी १९६७ मध्ये तेथून बाहेर पडून पौराणिक आणि ऐतिहासिक विषयांवरील 'अमर चित्र कथा' मालिका सुरू केली. इंद्रजालमध्येच १९७६ पासून आबिद सुरती यांचा 'बहादूर' हा भारतीय नायक अवतरला.

टीका आणि बदल

जंगलातील जमातींमध्ये शांतता राखणारा आणि त्यांना आदरणीय वाटणारा नायक गोरा असणे, यावर वसाहतवादी दृष्टीचा आक्षेप घेतला गेला आहे. एका मानवी जमातीला वानरांवरून आलेले नाव देणे आणि आरंभीच्या कथांतील स्थानिक लोकांचे ठरावीक साच्याचे चित्रण हेही टीकेचे विषय ठरले. मँड्रेकचा आफ्रिकी साथीदार लोथार आरंभी व्याघ्रचर्मासारखा पोशाख घालणारा आणि मोडके इंग्रजी बोलणारा दाखवला होता.

फॉक यांनी काळानुसार या चित्रणात बदल केले. लोथार आधुनिक पोशाखात, मँड्रेकचा बरोबरीचा मित्र म्हणून वावरू लागला. आफ्रिकेतील देश स्वतंत्र होत असताना वेताळाचा प्रदेशही स्वतंत्र राष्ट्र झाला आणि लोकांनी निवडून दिलेले डॉ. लामांडा लुआगा हे कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष म्हणून कथेत आले. हुकूमशहा होऊ पाहणाऱ्या सेनाधिकाऱ्यापासून या लोकशाहीचे रक्षण, हा काही कथांचा विषय झाला. नायिका डायना पामर संयुक्त राष्ट्रसंघात काम करणारी स्वावलंबी स्त्री म्हणून रंगवली गेली. वेताळ आणि डायना यांचा विवाह १९७७ मध्ये झाला आणि पुढे त्यांना किट आणि हेलोईज ही जुळी मुले झाली. या बदलांनंतरही गोरा रक्षक हे मूळ सूत्र कायम राहिले, त्यामुळे आक्षेप पूर्णतः मिटला नाही.

अखेरची वर्षे

फॉक यांचे तीन विवाह झाले आणि त्यांना तीन अपत्ये होती. तिसऱ्या पत्नी एलिझाबेथ मॉक्सली या नाट्यदिग्दर्शिका होत्या. फॉक यांनी निवृत्ती घेतली नाही. अखेरच्या आजारपणातही ते कथा सांगत राहिले. १३ मार्च १९९९ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मँड्रेकच्या कथा त्यांनी सुमारे ६५ वर्षे आणि वेताळाच्या कथा ६३ वर्षे लिहिल्या. चित्रकथांच्या इतिहासात एकाच लेखकाने आपली मालिका इतका दीर्घ काळ लिहिल्याची उदाहरणे विरळ आहेत.

वारसा

वेताळाच्या कथांवर १९४३ मध्ये चित्रपटमालिका आणि १९९६ मध्ये बिली झेन यांची प्रमुख भूमिका असलेला चित्रपट निघाला. अमेरिकेपेक्षा परदेशात या नायकाला अधिक प्रेम मिळाले. ऑस्ट्रेलियात 'फ्रू' प्रकाशन १९४८ पासून, तर स्वीडनमध्ये 'फँटोमेन' हे नियतकालिक १९५० पासून या कथा प्रसिद्ध करत आले आहे. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातील काही योद्ध्यांनी आपल्या ढालींवर वेताळाचे चित्र रंगवले.

फॉक यांच्या पश्चात मँड्रेकची दैनिक पट्टी २०१३ मध्ये थांबली. वेताळाची मालिका मात्र टोनी डीपॉल यांच्या लेखणीतून पुढे चालू राहिली. एक वेताळ मरण पावला की दुसरा त्याचा मुखवटा चढवतो आणि वाचकाला खंड जाणवत नाही, अशी योजना फॉक यांनी १९३६ मध्ये कथेत केली होती. त्यांच्या मृत्यूनंतर हीच योजना मालिकेच्या लेखनालाही लागू पडली. महाराष्ट्रात इंद्रजालचे जुने मराठी अंक आजही संग्राहक जपून ठेवतात. त्या अंकांतून वाचनाची गोडी लागलेल्या वाचकांच्या दृष्टीने वेताळ हा परदेशी नायक कधी नव्हताच.